कादंबरी तुझी, रडू तिचं

अगं, रुसवा आधी बाजूला ठेव. फोनवर तू एका दमात जे काही बोललीस ते सगळं मी ऐकलंय आणि तुझी बाजू मला कळत नाही असं मुळीच समजू नकोस. बारावीच्या सुट्टीत तू ‘छावा’ वाचत होतीस तेव्हा जेवायला हाका मारून आईचा घसा बसायचा. शेवटच्या प्रकरणांशी पोचलीस त्या दिवशी तू जेवलीच नाहीस. त्यामुळे परवा तुझ्या सासरी सगळ्यांनी मिळून टीव्हीवर त्याच कादंबरीवरचा सिनेमा लावला आणि तू घडोघडी ‘पुस्तकात असं नाहीये’ म्हणत बसलीस, हे न सांगताही मला दिसलं असतं. पण शेवटाला तुझी नणंद डोळे पुसत होती, तेव्हा तू काय म्हणालीस? ‘पुस्तक वाचलं असतंत ना ताई, तर या सिनेमाला रडू आलं नसतं.’

बाई गं! हे वाक्य तेवढं नको होतं.

सिनेमाला नावं ठेव, दिग्दर्शकाला चार शब्द सुनाव, पार्श्वसंगीताच्या नावानं बोटं मोड, मी तुझ्या बाजूनं उभी राहीन. ए. आर. रहमानचं ते संगीत मलाही ठिकठिकाणी उपरंच वाटलं. पण समोरच्या माणसाचं रडू खरं की खोटं हे ठरवायचा हक्क आपल्याला आठ-नऊशे पानं वाचल्यानं मिळत नाही. ती बाई सकाळी सहाला उठून दोन डबे करते, सातपूरला नोकरीला जाते, संध्याकाळी आल्यावर तुझ्या सासूबाईंची औषधं बघते. तिनं पुस्तक वाचलं नाही त्याला कारणं असतील. रडली, त्यालाही असतील. आणि तू घरात नवी आहेस, हे विसरू नकोस.

आता मुद्द्याचं बोलू. तुझ्या तक्रारी मी एकेक करून आठवल्या. सगळ्या एका मापाच्या नाहीत आणि तू मात्र सगळ्या एकाच सुरात मांडल्यास.

पहिली तक्रार, ‘विकी कौशल माझा संभाजी नाही.’ बरं, मग तुझा संभाजी दिसायला कसा आहे ते सांग बघू. डोळे मिटून सांग. मी पैज लावते, तो पुस्तकातला नाही. २०१७ साली ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ सुरू झाली आणि २०२० पर्यंत चालली. त्या वेळी आपल्या घरात कुकरच्या कितीही शिट्ट्या झाल्या तरी गॅस बंद करायला कुणी उठत नव्हतं. तुझ्या मनातला चेहरा अमोल कोल्हेंचा आहे, राणी! पुस्तक हातात घ्यायच्या आधीच तो तिथं येऊन बसला होता. आपल्या आजीला विचारलं असतंस तर तिनं काशिनाथ घाणेकरांचं नाव घेतलं असतं. आपल्याच नाशकात राहून वसंतराव कानेटकरांनी १९६२ साली ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ लिहिलं, त्यात घाणेकरांनी संभाजी उभा केला. सहा वर्षांनी ‘इथे ओशाळला मृत्यू’ आलं, त्यात पणशीकरांचा औरंगजेब. शिवाजी सावंतांची कादंबरी त्यानंतरची, १९७९ची. आजीला तुझी कादंबरीसुद्धा मागाहून आलेली वाटायची. ‘घाणेकरांची ती चाल कुठंय यात?’ असं ती पुस्तकाबद्दल म्हणायची. पुस्तकात चाल कुठून येणार!

चेहऱ्याची तक्रार फार दिवस टिकत नाही, हे मी तुला आपल्या गावच्या पुस्तकावरूनच सांगते. गावचं म्हणजे इथं लिहिलेलं. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ला लिहायला घेतली आणि १३ तारखेच्या पहाटे हातावेगळी केली. पुढे १९५३ मध्ये आचार्य अत्र्यांनी त्यावर सिनेमा काढला आणि आईच्या भूमिकेसाठी निवडलं कुणाला? वनमालाबाईंना. त्या कोण, तर सोहराब मोदींच्या ‘सिकंदर’मध्ये पृथ्वीराज कपूरसमोर नायिका म्हणून झळकलेल्या देखण्या नटी. कोकणातल्या गरीब घरची, विटक्या लुगड्यातली सोशिक आई करायला ही बाई! आज असं झालं असतं तर नुसती नावं जाहीर झाल्यावरच तुझ्यासारख्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या सिनेमाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, देशातलं पहिलं. आणि २०२३ मध्ये सुजय डहाकेनं तीच गोष्ट पुन्हा केली, मुद्दाम कृष्णधवल केली, तेव्हा आपली आई काय म्हणाली आठवतं? ‘वनमालाबाईंची सर नाही.’ म्हणजे जिला बघून लोकांनी पुस्तकाशी ताडून बघायचं, तीच आता पुस्तकाच्या जागी जाऊन बसलीय.

तेव्हा चेहऱ्यावरून भांडायचं नाही. रश्मिकाच्या बोलण्याबद्दल म्हणालीस ते वेगळं. येसूबाईंच्या तोंडची भाषा कानाला खटकली, हे बरोबर आहे, कारण तो मनातल्या चेहऱ्याचा प्रश्न नाही, कामाचा आहे. कामावर बोलावं. अक्षय खन्नाचा औरंगजेब मात्र तुलाही आवडला होता, थिएटरमधून बाहेर पडतानाच म्हणाली होतीस. तेवढं त्या रात्री घरच्यांसमोर का नाही बोललीस?

दुसरी तक्रार गाळल्याची. हे नाही दाखवलं, ते नाही दाखवलं. अगं, कादंबरी म्हणजे माहेरी महिनाभर राहणं आणि सिनेमा म्हणजे संध्याकाळचा हळदीकुंकवाचा फेरा, पावणेतीन तासांच्या आत सगळ्यांच्या घरी जाऊन यायचं. काही घरं राहणारच. तुझं रामशेजवरून तोंड वाकडं झालं, ते नाशिककर म्हणून मला अगदी मान्य आहे. पेठ रोडवर आपल्यापासून पंधरा किलोमीटरच्या आसपास तो किल्ला. १६८२ साली शहाबुद्दीन खान वेढा घालून बसला, त्याला जमेना म्हणून पुढे दुसरे सरदार आले, तरी पाच वर्षांवर गड हलला नाही. लोखंडी तोफा नव्हत्या, तर किल्लेदारानं लाकडाच्या तोफा करून त्यांवर कातडं मढवलं, असं खुद्द मोगलांकडचा खाफीखान लिहून ठेवतो. शेवटी गड गेला तो पैशानं. एवढ्यावर एक वेगळा सिनेमा निघेल आणि या सिनेमात त्याला हवा तेवढा वेळ नाही, हे खरंच. पण ही तक्रार नाशिककराची झाली, कादंबरीच्या वाचकाची नाही. आपल्या गावाचं नाव ऐकायला कान आसुसलेले होते, ते हवं तेवढं आलं नाही म्हणून आपण हिरमुसलो. हे कबूल केलं की त्यातला राग निघून जातो.

आता जरा नाजूक जागा. ‘पुस्तकात असं नाहीये’ आणि ‘इतिहासात असं नाहीये’ ही दोन वाक्यं तू एकाच्या जागी दुसरं अशी सरमिसळ करून वापरलीस, आणि तूच काय, सिनेमा आला त्या वेळी अख्खा महाराष्ट्र तेच करत होता. झलक आली, त्यात महाराज आणि येसूबाई लेझीम खेळताना दिसले, त्यावर गदारोळ झाला. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर राज ठाकरेंना भेटून आले आणि प्रदर्शनाच्या आधीच ते दृश्य काढून टाकलं. १४ फेब्रुवारी २०२५ला सिनेमा लागला, त्यानंतर शिर्के घराण्याच्या वंशजांनी गणोजी-कान्होजींच्या चित्रणावर आक्षेप घेतला, उतेकरांनी दिलगिरी व्यक्त केली. या दोन्ही वेळी लोक भांडत होते ते कशावरून? कादंबरीवरून की इतिहासावरून? सिनेमा म्हणत होता मी कादंबरीवर बेतलोय, लोक म्हणत होते इतिहासात दाखवा. कादंबरीकारानं स्वतः काय केलं होतं, हे विचारायला कुणाला सवड नव्हती.

सावंतांनीही कल्पनाच केली होती गं. कागदपत्रं वाचून, गड फिरून, पण कल्पनाच. वा. सी. बेंद्र्यांचं संभाजी महाराजांवरचं मोठं चरित्र १९६० साली आलं, नंतर कमल गोखल्यांचं ‘शिवपुत्र संभाजी’ आलं, तोवर नाटकांतून-कथांतून रंगेल, उतावळा असाच संभाजी लोकांना माहीत होता. ती प्रतिमा पुसायला इतिहासकार बसले आणि त्यांच्या मागोमाग कादंबरी आली. म्हणजे तू जिला मूळ मानतेस ती कादंबरीही कुणाच्या तरी आधीच्या चित्रावर रंग देऊन उभी राहिलीय.

आजोबांची ती प्रत आठवते ना, बाबांच्या कपाटातली, कडा तपकिरी झालेली, पुठ्ठ्याला आईनं शिवलेलं कापड? मी परवा काढली. समासात आजोबांचं पेन्सिलीतलं बारीक अक्षर आहे: ‘आधार?’ एका ठिकाणी नुसतं प्रश्नचिन्ह, एका ठिकाणी रागानं दोनदा अधोरेखित केलेलं ‘हे कवीचे!’ आणि त्याच्याखाली बॉलपेननं आईचं गोल अक्षर: ‘असू दे. छान आहे.’ एका पानावर तर आजोबांनी ‘पाहणे बेंद्रे’ असं लिहून पान क्रमांक टाकलाय, आणि आईनं त्याच पानावर वाण्याचा हिशेब केलाय, तूरडाळ दोन किलो, गूळ. म्हणजे तू परवा सिनेमाला जे म्हणालीस, तेच आजोबा पुस्तकाला म्हणत होते. फक्त ते पेन्सिलीनं म्हणाले, आणि आईला रडू आलं तेव्हा मधे बोलले नाहीत.

हे सगळं सांगून तुला गप्प बसवायचं नाहीये मला. उलट तुझी जी खरी तक्रार होती ती तू मांडलीच नाहीस, याचं वाईट वाटतं. तीच मांडायची होती. कादंबरीत संभाजीराजे मोगलांच्या दिलेरखानाला जाऊन मिळतात, तो भाग तू मला वाचून दाखवला होतास. गच्चीवर, गाद्या घातल्या होत्या त्या रात्री. वाचताना तू दोनदा थांबलीस. ‘ताई, असं कसं केलं यांनी?’ म्हणालीस. ज्याच्यावर आपण इतका जीव लावला तो माणूस असं वागतो, ते गिळायचं, आणि पुढे परत त्याच्यावर जीव लावायचा. वाचकाला हे करायला लावणं, हे सावंतांचं काम. थोरल्या महाराजांशी संभाजीराजांचं जे काही होतं, प्रेमही आणि अढीही, ते सगळं त्या भागात गोळा झालंय. सिनेमा थोरले महाराज गेल्यावर सुरू होतो, बुऱ्हाणपुरावरच्या हल्ल्यापासून. त्यामुळे त्याच्या वाट्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत तेजस्वीच संभाजी आला. लढाया झाल्या, यातना झाल्या, पण ती गच्चीवरची रात्र त्यात नाही.

ही तक्रार मला मोलाची वाटते. कारण इथं काही नुसतं गाळलेलं नाही, माणूसच वेगळा झालाय. कादंबरीवरचा कुठलाही सिनेमा बघून आल्यावर एवढंच विचारायचं: मुख्य माणूस तोच राहिला का? घटना मागेपुढे झाल्या, दोन पात्रांचं एक केलं, शेवट हलवला, सगळं चालेल. माणूस तोच हवा.

‘शाळा’ घे. बोकिलांच्या कादंबरीत सगळं मुकुंद जोशीच्या तोंडून, त्याच्या मनातलं, त्या नववीतल्या पोराच्या टवाळ भाषेत. डहाकेच्या सिनेमात ते मनातलं बोलणं निम्म्याहून अधिक गेलं, जाणारच होतं. पण शिरोडकरकडे चोरून बघणारा पोरगा तोच होता. पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो काही उगाच नाही. ‘दुनियादारी’चं मात्र माझं अजून जमलेलं नाही. सुहास शिरवळकरांच्या कट्ट्यावरच्या पोरांना एवढ्या गाण्यांत आणि रंगीत कपड्यांत घातलं की मला ती ओळखू येईनात. पण तो सिनेमा महाराष्ट्रानं डोक्यावर घेतला आणि आपली कॉलेजातली सगळी चुलत-मावस भावंडं आजही त्यातले संवाद म्हणतात. मी त्यांना कधी ‘आधी वाचा’ म्हटलेलं नाही. म्हणून काय फायदा?

आणि तात्यासाहेब शिरवाडकरांचं तर विचारूच नकोस. ‘नटसम्राट’ सिनेमा २०१६च्या एक जानेवारीला आला तेव्हा आपल्या गावात काय कमी चर्चा झाली! लागूंचा बेलवलकर पाहिलेले एकीकडे, नाना पाटेकरला पहिल्यांदा पाहणारे दुसरीकडे. विक्रम गोखल्यांनी केलेला तो मित्र, रामभाऊ, मूळ नाटकात कुठं होता, म्हणून आपले काका किती तावातावानं बोलत होते. मी तेव्हा त्यांना एवढंच म्हटलं, काका, तात्यासाहेबांनी ‘किंग लिअर’चं बोट धरून ‘नटसम्राट’ लिहिलं, ‘मॅकबेथ’चा ‘राजमुकुट’ केला. दुसऱ्याच्या गोष्टीला हात लावायला ते कधी घाबरले नाहीत. काका म्हणाले, तात्यासाहेबांची गोष्ट वेगळी. वेगळी आहे, हे मीही मानते. म्हणून तर प्रत्येक वेळी बघावं लागतं की हात लावणाऱ्यानं काय केलं. हात लावला एवढ्यावर निकाल देता येत नाही. सिनेमातला रामभाऊ मला तर आवडला. म्हातारपणी आपल्या तोलाचा कुणी तरी समोर बसून आपल्याला हाणायला लागतो, ते त्या दोघांनी फार सुंदर दाखवलं.

कधीकधी तर सिनेमा पुस्तकाला गिळूनच टाकतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. ‘उंबरठा’ आपण किती वेळा पाहिला! स्मिता पाटीलची सुलभा महाजन आपल्याला तोंडपाठ. तो सिनेमा शांता निसळांच्या ‘बेघर’ कादंबरीवरून केला, हे मला लग्नानंतर कळलं. तिथं ‘पुस्तकात असं नाहीये’ म्हणायलाच फारसं कुणी उरलेलं नाही. त्या मानानं ‘छावा’चं नशीब थोर. सिनेमा आल्यावर इथल्या दुकानांत ती कादंबरी अगदी दाराशी रचून ठेवलेली मी पाहिली. घेणाऱ्यांत तुझ्या नणंदेसारख्याच बायका होत्या, एकीनं तर ‘केवढी जाड आहे!’ म्हणत वजनच करून पाहिलं, पण घेतली.

तर आता नणंदेचं. माफी मागायला पत्रबित्र लिहू नकोस, तुमच्या घरात ते फार नाटकी दिसेल. सकाळी ती डबे भरत असेल तेव्हा पोळ्या लाटायला उभी राहा आणि नुसतं विचार, ‘ताई, तुम्हाला नेमकं कुठं रडू आलं?’ आणि मग ऐक. मधे ‘पुस्तकात’ हा शब्द आणू नकोस, निदान त्या दिवशी तरी. कदाचित ती महाराजांसाठी रडलीच नसेल. कवी कलशासाठी असेल, येसूबाईंसाठी असेल. शेवटपर्यंत सोबत राहणाऱ्या माणसावर तिचा जीव अडला असेल, तिच्या आयुष्यात ते का महत्त्वाचं आहे हे तू मला दिवाळीत सांगितलं होतंस. तिनं बोलून झालं की मग तुझी ती दिलेरखानाची गोष्ट सांग. सांग म्हणजे सांग, शिकवू नकोस. आवडली तर ती स्वतःच विचारेल, ‘हे कुठं आहे?’ तेव्हा अख्खं पुस्तक तिच्या हातात देऊ नकोस, बिचारी झोपते किती वाजता! तेवढंच प्रकरण रात्री वाचून दाखव, मला दाखवलं होतंस तसं. आजोबांची प्रत हवी असेल तर मी पाठवते, फक्त तो वाण्याचा हिशेब तिला आधी दाखव, म्हणजे पुस्तकाची भीती जाईल.

आणि येत्या रविवारी दोघी रामशेजला जाऊन या. सिनेमानं नीट दाखवला नाही ना, मग आपण दाखवू. पेठ रोडनं आशेवाडीपर्यंत गाडी जाते, तिथून चढ सोपा आहे, वर रामाचं देऊळ आहे आणि पाण्याची टाकी आहेत. ऊन चढायच्या आत खाली उतरा, टोप्या न्या आणि पिण्याचं पाणी घरूनच भरून न्या.